आधी वार, मग गाव, मग घर : इंग्लंडच्या खेड्यात स्वतः रांधून राहायचं असेल तर

इंग्लंडच्या खेड्यात आठवडाभर घर घेऊन राहायला जाणारे बहुतेक जण हॉटेल बुक करावं तसं घर बुक करतात. फोटो आवडतो, पैसे भरले जातात, आणि विमानाचं तिकीट काढायला बसल्यावर कळतं की ते घर शनिवार ते शनिवारच मिळतं. गावात दुकान नाही हे त्याहून उशिरा कळतं. शनिवारी रात्री आठ वाजता चहाला दूध नसतं तेव्हा.

सेल्फ-केटरिंग कॉटेजमध्ये रिसेप्शन नसतं, न्याहारी नसते, रोज खोली आवरायला कोणी येत नाही. कुलपाचा आकडा पाठवला की मालकाचं काम जवळपास संपलं. म्हणून तयारीचा क्रम महत्त्वाचा. इथे उदाहरणाला पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातली होप व्हॅली घेतली आहे : मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधली, रेल्वे असलेली, गाडीशिवायही जमणारी. कॉट्सवोल्ड्स, यॉर्कशर डेल्स किंवा लेक डिस्ट्रिक्टला जाणार असाल तरी क्रम हाच, गावांची नावं तेवढी बदलतील.

## टप्पा १ : वार आणि महिना ठरवा

घरं बदलण्याचा वार ठरलेला असतो, बहुतेक ठिकाणी शुक्रवार किंवा शनिवार. ताबा दुपारी तीन-चारनंतर, सोडायचं सकाळी दहाला. गर्दी नसलेल्या दिवसांत शुक्रवार ते सोमवार असे तीन दिवस किंवा सोमवार ते शुक्रवार असे चार दिवसही मिळतात. भर उन्हाळ्यात सहसा पूर्ण आठवडाच घ्यावा लागतो. म्हणून आधी घराचा वार आणि मगच विमानाचं तिकीट.

विमान ताब्याच्या आदल्या दिवशी उतरेल असं पाहा. एक रात्र मँचेस्टर किंवा शेफील्डमध्ये काढा. रात्रभराच्या प्रवासानंतर अनोळखी गाडी अरुंद रस्त्यावर घालणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

महिन्याच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या शाळांची मे महिन्याची सुट्टी फार सोयीची पडते. इंग्लंडमधल्या शाळा तेव्हा चालू असतात, त्यामुळे मेचे पहिले तीन आठवडे घरं मिळतात आणि भाडंही जुलै-ऑगस्टपेक्षा कमी असतं. मेच्या मध्याला सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. मेचा शेवटचा आठवडा मात्र टाळा, तिथल्या शाळांना तेव्हा हाफ-टर्मची सुट्टी असते. मेचा पहिला आणि शेवटचा सोमवार बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी), त्या शनिवार-रविवारी गर्दी ठरलेली. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि त्यानंतर साडेचार-पावणेपाचलाच अंधारतं.

> खबरदारी : व्हिसा हातात येण्याआधी परत न मिळणारे पैसे भरू नका. घराचं डिपॉझिट साधारण पाव ते एक तृतीयांश असतं आणि उरलेली रक्कम बरेच आठवडे आधी द्यावी लागते. रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती परत मिळेल, ती ओळ वाचल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकू नका.

## टप्पा २ : गाव निवडा

पहिला प्रश्न असा : गाडी घेणार की नाही?

गाडी नसेल तर रेल्वेच्या रेषेवरचं गाव हवं. मँचेस्टर-शेफील्ड मार्गावर एडेल, होप, बॅमफर्ड, हॅदरसेज आणि ग्रिंडलफर्ड ही स्थानकं लागतात. यांत हॅदरसेज सगळ्यात सोयीचं : स्थानक गावातच आहे, दुकानं आहेत, पब आहेत, आणि स्टॅनेज एजचा कडा घरातून पायी गाठता येतो. शेफील्ड रेल्वेने साधारण वीस मिनिटांवर, तिथे भारतीय किराणाही मिळतो. होपचं स्थानक गावाबाहेर आहे, सामान ओढत पंधरा-वीस मिनिटं चालायची तयारी ठेवा. एडेल देखणं, पण लहान. भाजी-किराण्याची सोय आधीच करून जावी लागते. कॅसलटनला स्थानक नाही, होपहून बस किंवा दोन मैल पायपीट.

इथे होणारी नेहमीची चूक : मँचेस्टर-शेफील्ड जलद गाडीत बसणं. ती या गावांतून थेट निघून जाते आणि प्रवासी शेफील्डला उतरून परतीची गाडी शोधत बसतात. तिकीट काढताना उतरायचं गाव टाका, तिथे थांबणाऱ्याच गाड्या दिसतील. साधारण तासाला एक असते, रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं.

गाडी घेणार असाल तर टाइड्सवेल, हार्टिंग्टन, मोन्याश अशी आतली गावंही चालतात. नकाशावर घराभोवती पंधरा मैलांचं वर्तुळ काढा आणि बघायच्या जागा त्यात बसतात का पाहा. आडवाटांवर दहा मैलांना पंचवीस-तीस मिनिटं लागतात. एकाच घरातून पीक डिस्ट्रिक्ट, यॉर्क आणि लेक डिस्ट्रिक्ट ‘कव्हर’ करू पाहणारे आठवडाभर मोटारवेच बघतात.

तपासा : दुकान घरापासून पायी किती मिनिटं? जवळच्या पबचं स्वयंपाकघर कोणत्या वारी बंद? (सोमवारी बंद असणारे पुष्कळ.) शेवटची बस किती वाजता? रविवारी असते का? यांतल्या दोन प्रश्नांची उत्तरं मनासारखी नसतील तर गाव बदला, घर कितीही गोड दिसो.

## टप्पा ३ : घराची माहिती वाचा, फोटो नंतर

‘सहा जणांसाठी’ लिहिलेलं असलं की त्यातले दोघे बरेचदा बैठकीतल्या सोफा-कम-बेडवर धरलेले असतात. पलंग मोजा. आजी-आजोबा बरोबर असतील तर जुन्या दगडी घरांचा जिना पाहून घ्या. तो उभा आणि अरुंद असतो, पायऱ्या कधीकधी वळत्या, आणि एकुलतं एक स्नानगृह नेमकं खाली असू शकतं. ‘शॉवर ओव्हर बाथ’ म्हणजे आंघोळीसाठी गुडघ्याएवढ्या उंच टबात पाय टाकून चढायचं. दुखऱ्या गुडघ्यांना ते रोज जमत नाही. तळमजल्यावर झोपायची खोली आणि वेगळा शॉवर, असं लिहिलेलंच घर घ्या.

मालकाला हे प्रश्न लिहून पाठवा आणि उत्तरं जपून ठेवा :

- शेगडी कोणती : गॅस, सिरॅमिक, इंडक्शन की आगा (सतत तापलेली जड लोखंडी शेगडी-ओव्हन)?
- चादरी, टॉवेल, हीटिंग आणि वीज भाड्यात धरली आहे का?
- वॉशिंग मशीन आहे का, आणि कपडे वाळवायची सोय?
- गाडी दारात लागते की रस्त्यावर?
- वायफाय आहे का, आणि घरात मोबाइलला रेंज येते का?
- पोस्टकोडशिवाय नेमकं ठिकाण कसं सापडेल?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो आणि तोच नडतो. शहरात एका पोस्टकोडमध्ये थोडीच घरं असतात. गावाकडे त्याच कोडमध्ये दोन-चार शेतवाड्या आणि मैलभर रस्ता सामावलेला असतो. गाडीतला नकाशा भलत्याच गोठ्यासमोर ‘पोहोचलात’ म्हणतो. मालकाकडून व्हॉट-थ्री-वर्ड्स या अॅपचे जागा सांगणारे तीन शब्द किंवा नकाशाचा ग्रिड रेफरन्स घ्या, शेवटच्या दोन मैलांची वाट कागदावर उतरवा आणि नकाशा फोनवर ऑफलाइन उतरवून ठेवा. ऐन गरजेला रेंज जाते. कुलपाच्या पेटीचा आकडाही कागदावर हवा.

## टप्पा ४ : स्वयंपाकघराची बॅग

कॉटेजमध्ये ओव्हन, मायक्रोवेव्ह, केटल, टोस्टर, पातेली आणि फ्राइंग पॅन असतं. कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, चिमटा, सांडशी यांपैकी काही नसतं. पोळपाट नेऊ नका, स्वच्छ ओटा चालतो. लाटणं तिथल्या ड्रॉवरमध्ये बहुधा सापडतं.

कुकर न्यायचा तर तीन लिटरचा, स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा. घरातला साधा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. घरीच परीक्षा करा : बुडाला लोहचुंबक चिकटला तर चालेल. शिट्टी आणि रबर आठवणीने. इंडक्शनला उघडी ज्योत नसल्यामुळे फुलका थेट शेगडीवर फुगणार नाही, तो तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावा लागतो.

सामानात मसाल्याचा डबा, गोडा मसाला, हिंग, चटण्या, लोणचं, भाजणी, मेतकूट. कोरड्या पिठांची आणि मसाल्यांची पाकिटं बंद आणि नाव छापलेली असू द्या, घरच्या पिशव्या विमानतळावर समजावून सांगाव्या लागतात. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर, सुकं मटण, हे सगळं बाहेर ठेवा. ताज्या भाज्या आणि पालाही नको. तूप, तूरडाळ, बासमती, आटा शहरातल्या मोठ्या सुपरमार्केटात मिळतो.

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, त्यामुळे कन्व्हर्टर लागत नाही. पिन मात्र तीन चौकोनी पायांची. दोन अडॅप्टर आणि आपलं एक चांगलं एक्स्टेन्शन पुरतं. न्हाणीघरात दाढीच्या मशीनपुरतं सॉकेट असलं तर असतं, हेअर ड्रायर तिथे चालत नाही.

आणि एक प्लास्टिकचा मग. तिथल्या संडासात हँड शॉवर नसतो. एवढं पुरे.

## टप्पा ५ : पहिल्या चोवीस तासांचं जेवण

शनिवारी चार वाजता ताबा, दुसऱ्या दिवशी रविवार, आणि इथेच गाडी अडते. इंग्लंडमध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं रविवारी फक्त सहा तास उघडी ठेवता येतात, तीही सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान. ईस्टरच्या रविवारी पूर्ण बंद. लहान दुकानांना हा नियम नाही, पण खेड्यातलं लहान दुकान आपल्या मर्जीने बंद होतं.

म्हणून क्रम असा ठेवा :

१. शनिवारी सकाळी शहरातच मोठी खरेदी. घरात शिरण्याआधी, नंतर नाही.
२. पहिल्या रात्रीसाठी एका पातेल्यात होणारं जेवण : मुगाची खिचडी, दही, लोणचं. त्याच पिशवीत दूध, ब्रेड, अंडी, मीठ, तेल. ही पिशवी सामानात सगळ्यात वर. मीठ आणि तेल घरात असेलच असं धरू नका.
३. पबमध्ये जेवायचं असेल तर टेबल आधी सांगून ठेवा. दुपारचं स्वयंपाकघर साधारण दोन-अडीचला, रात्रीचं साडेआठ-नऊला बंद होतं. पब उघडा आहे म्हणजे जेवण आहे, असा अर्थ नाही.

सुपरमार्केटची घरपोच सेवा अनेक खेड्यांत मिळते, पण भारतीय कार्ड आणि भारतीय मोबाइल नंबरवर ती कधी अडकते. निघण्याच्या आठवडाभर आधी ऑर्डर लागते का ते बघा, त्या दिवशी नको. वाटेत शेताच्या फाटकाशी अंड्यांचा खोका आणि पैशांचा डबा ठेवलेला दिसेल. त्यासाठी आणि जुन्या पार्किंग यंत्रांसाठी थोडी नाणी खिशात असू द्या.

## टप्पा ६ : गाडी आणि अरुंद रस्ता

भारतीय परवान्यावर पर्यटकाला बारा महिने गाडी चालवता येते. परवाना इंग्रजीत छापलेला हवा. जुनं मराठी पुस्तक असेल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढा. गाडी देणाऱ्या कंपन्यांचे नियम आणखी कडक असतात : मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, डेबिट कार्ड बरेचदा चालत नाही. ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं निवडून बुक करा, नाहीतर गिअरची मिळेल. बारा वर्षांखालील आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला लहान मुलांची वेगळी सीट लागते.

रस्ता डावीकडून, म्हणून लोक गाफील होतात. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चौकातल्या गोलाला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि इथे ते खरंच पाळतात. दुसरं, पांढऱ्या गोलावर काळा तिरका पट्टा दिसला की मधे दुभाजक नसलेल्या रस्त्यावर कमाल वेग ताशी ६० मैल, म्हणजे जवळपास ९६ किलोमीटर. ती कमाल मर्यादा आहे. दोन दगडी कुंपणांमधल्या वळणावर तीस मैलही जास्त होतात.

एकाच गाडीपुरती वाट असेल तिथे थोड्या थोड्या अंतरावर ‘पासिंग प्लेस’ असतात. समोरून गाडी दिसली की आपल्या डावीकडच्या जागेत शिरा. जागा उजवीकडे असेल तर तिच्यासमोरच थांबा, समोरचा आत शिरेल. दोन्ही जागा मागे राहिल्या असतील तर जवळ असलेल्याने मागे जायचं. ट्रॅक्टर आणि मेंढ्यांशी वाद नको. जाताना एक हात वर करतात, तेवढा आभार पुरतो. या जागेत गाडी उभी करून फोटो काढायला उतरू नका.

कॅसलटनहून पश्चिमेकडे जाताना नकाशा विनॅट्स पासमधून नेतो : अरुंद, उभा चढ, साधारण पाचास एक. शेजारचा जुना मोठा रस्ता मॅम टॉरच्या घसरत्या डोंगराने १९७९ मध्ये कायमचा बंद पाडला, त्यामुळे पर्याय लांबचाच आहे. नवशिक्याने सकाळी लवकर जावं.

## टप्पा ७ : घरात शिरल्यावरचा पहिला अर्धा तास

सामान उघडण्याआधी टेबलावरची माहितीची फाइल वाचा. नंतर :

- शेगडी चालत नाही? ओट्यावरच्या भिंतीवरचा मोठा, बहुधा लाल स्विच शोधा. तो बंद असेल तर शेगडी-ओव्हन दोन्ही मेलेलं दिसतं.
- शॉवर चालत नाही? छतातून लोंबणारी दोरी ओढा. दिव्यालाही अशीच वेगळी दोरी असते.
- गरम पाणी संपलं? काही घरांत टाकी असते. चौघांनी एकामागोमाग आंघोळ केली की चौथ्याला गार. फाइलमध्ये ‘इमर्शन’चं (टाकीतलं पाणी तापवणाऱ्या हीटरचं) बटण कुठे ते लिहिलेलं असतं.
- पिण्याचं पाणी स्वयंपाकघरातल्या गार नळाचं.

न्हाणीघराच्या जमिनीला मोरी नसते. पडदा टबाच्या आत सोडा. बादलीतून अंगावर पाणी घेतलं तर ते फरशीखाली शिरतं आणि खालच्या खोलीच्या छतावर डाग उमटतो. डिपॉझिट तिथे जातं. खेड्यात ड्रेनेजऐवजी सेप्टिक टाकी असू शकते, संडासात कागदाशिवाय काहीही टाकायचं नाही, वेट वाइप्सही नाही.

फोडणी. यावर स्वतंत्र लिहिणं भाग आहे, कारण धुराचा अलार्म बरेचदा जिन्यापाशी असतो आणि मिरचीच्या खाटाला तो हमखास ओरडतो. आधी स्वयंपाकघराचं दार बंद, एक्झॉस्ट पूर्ण वेगाने, खिडकी उघडी. तेल मध्यम आचेवर. इंडक्शन झटक्यात तापतं, म्हणून गॅसच्या सवयीने मोठ्या आचेवर मोहरीची वाट पाहू नका, तेल आधीच धुरावतं. मोहरी तडतडली की शेगडी बंद, मग जिरं, हिंग, हळद, शेवटी मिरची, आणि लगेच डाळ. आच बंद केल्यावर उरलेल्या तापात मिरची परतते, जळत नाही. अलार्म वाजलाच तर टॉवेलने वारा घाला आणि त्याचं बटण दाबा. बॅटरी काढू नका, पिशवी बांधू नका.

हळदीचा डाग पांढऱ्या ओट्यावर लगेच पुसा. लाकडी डाव आणि पाट मसाल्यात वापरू नका. तळलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. गार करून बाटलीत भरा आणि कचऱ्यात.

लाकडाची शेकोटी असेल तर टोपलीतली कोरडीच लाकडं, हवेची पट्टी उघडून पेटवा. राख रात्रभर तशीच राहू द्या, गरम राख प्लास्टिकच्या डब्यात टाकायची नसते.

## टप्पा ८ : फिरण्याची आखणी

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा एक्स्प्लोरर नकाशा घ्या. ओएल १ मध्ये पीक डिस्ट्रिक्टचा उत्तर भाग, ओएल २४ मध्ये दक्षिण भाग. चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्यावरच्या हिरव्या तुटक रेषा म्हणजे लोकांचा चालण्याचा हक्क असलेल्या वाटा. जमिनीवर पिवळा बाण पायवाटेचा. निळा बाण असेल तर घोडे आणि सायकलीही येतील. वाट खासगी शेतातून जाते, त्यात चूक नाही. फाटक जसं सापडलं तसंच सोडायचं, उघडं तर उघडं.

वेळेचं गणित नेस्मिथच्या नियमाने : पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. उदाहरण, एडेल स्थानक, हॉलिन्स क्रॉस, मॅम टॉरचं ५१७ मीटर उंचीचं माथं, मग बंद पडलेल्या रस्त्याच्या बाजूने कॅसलटन. साधारण सात किलोमीटर आणि ३०० मीटर चढ. चालण्याचा वेळ १ तास २५ मिनिटं, चढाचा अर्धा तास, दोन्ही मिळून दोन तासांच्या आत. हे न थांबणाऱ्या तरुण पायांचं. मुलं, डबा आणि फोटो धरून तीन तास लिहा, आणि कॅसलटनहून बसची वेळ त्यानंतरची घ्या.

उत्तरेकडच्या वालुकाश्मावर बूट पकडतो, पण सपाटीवर पीटचा (कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीचा) चिखल घोट्यापर्यंत असतो. दक्षिणेकडचा चुनखडक पावसात साबणासारखा होतो, आणि तिथल्या दगडी कुंपणातल्या अरुंद फटीतून बाबागाडी जात नाही. ज्येष्ठांसाठी आणि बाबागाडीसाठी मॉन्सल ट्रेल : जुन्या रेल्वेमार्गावरची साडेआठ मैलांची सपाट वाट. बोगद्यांत दिवसा दिवे असतात, अंधार पडायच्या आत बाहेर या.

> खबरदारी : वासरं असलेल्या गायींच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. उंच गवतातून आल्यावर पायांवर गोचीड तपासा. डोंगरावर अपघात झाला तर ९९९ लावा, आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागा.

मे महिन्यातही दुपारी १२ ते १७ अंश असतात आणि माथ्यावर वारा त्याहून गार. छत्री तिथे उलटते, जलरोधक जाकीट न्या.

## टप्पा ९ : घर सोडताना

दहा म्हणजे दहा. सफाईवाले दारात उभे असतात. कामं आदल्या रात्रीच सुरू करा. फ्रिज रिकामा, भांडी धुऊन जागेवर, कचरा फाइलमध्ये लिहिलेल्या त्या-त्या रंगाच्या डब्यात. सकाळी फोडणी टाकू नका, पोह्यांऐवजी ब्रेड-बटर. तासभर खिडक्या उघड्या ठेवा म्हणजे पडद्यांतला वास निघतो. काही फुटलं असेल तर आपणहून कळवा; एका कपाचे पैसे सहसा कोणी मागत नाही, लपवलेल्याचे मागतात.

प्रत्येक खोलीचा एक फोटो घ्या, अडॅप्टर सॉकेटमधून काढलेत का बघा, किल्ली पेटीत ठेवा आणि आकडे फिरवून टाका.